घरी जुळवलेली गाडी रोजच्या वापराला

दर वेळी आम्ही पापडाचं, शेळ्यांचं नाहीतर बँकेच्या हप्त्याचं बोलतो. आज गाडीचं बोलणार आहोत. हसू नका. गाडी हा पुरुषांचा विषय असं म्हणून आपण गप्प बसतो, आणि मग त्याच गाडीत मागे बसून बाजाराला जातो. म्हणून म्हटलं, एकदा नीट बोलावं.

झालं असं. आमच्या गटाचा माल आठवडी बाजाराला न्यायचा म्हणजे दर वेळी भाड्याचा टेम्पो. कधी तो यायचा, कधी लग्नाचं भाडं मिळालं की आम्हाला सोडून जायचा. गटाकडे बचतीचे साठ हजार जमले होते. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं, "ताई, चाळीस हजारांत गाडी बांधून देतो. पंपाचं जुनं इंजिन, भंगारातल्या जीपची चाकं, वर लोखंडी सांगाडा. हलकी गाडी, डिझेल कमी खाईल." निम्म्या बायका लगेच तयार झाल्या. एकीने तर दाखलाच दिला, की सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी गाडी बनवली, आणि आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं. मग आपण का नाही?

त्यातच आमच्या एक काकू म्हणाल्या, "माझी लेक इंग्लंडात घरी जुळवलेल्या गाडीतूनच कामाला जाते."

काकूंची लेक तिकडे नर्स आहे. जावयाला गाड्यांचा नाद. आम्हाला आधी खरंच वाटेना. म्हणून पुढच्या बैठकीत काकूंच्या फोनवरून तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन फिरवून गाडी दाखवली. बुटकी, लांब नाकाची, दिवे बाहेर आलेले, दोनच माणसांची. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, ही तर खेळण्यातली!"

तिने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण आमचा निर्णय त्यावरूनच झाला.

इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाचे एक इंजिनिअर होते. 1952 साली त्यांनी लोटस नावाची कंपनी सुरू केली. लोटस म्हणजे कमळ. भांडवल किती? 25 पौंड, आणि तेही उसने. दिले कोणी? त्यांच्याशी पुढे लग्न झालेल्या हेझल यांनी. म्हणजे बघा, तिथेही सुरुवात एका बाईच्या गाठीच्या पैशातून झाली. हे ऐकून बैठकीत टाळ्या पडल्या.

या कंपनीने 1957 साली सेव्हन नावाची गाडी काढली. चॅपमन यांचा सगळा भर वजन कमी करण्यावर होता. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, बस्स. तयार गाडीवर त्या काळी तिथे मोठा खरेदीकर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून गाडी सुटी विकायची, गिऱ्हाइकाने घरी जुळवायची. पण जुळवण्याची माहिती सोबत दिली तर कर लागू व्हायचा. असं सांगतात, की चॅपमन यांनी गाडी कशी सुटी करायची याची माहिती दिली, आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचायची! 1973 पासून ही गाडी केटरहॅम नावाची कंपनी बनवते. आजही ती सुटी मिळते.

काकूंच्या लेकीकडे आहे ती त्यातलीच लहान. वजन पाचशे किलोच्या आत. आपली मारुती 800 आठवते ना? ती साडेसहाशे किलोच्या आसपास होती. हिचं इंजिन जपानच्या सुझुकीचं, 660 सीसीचं, म्हणजे मारुती 800 च्या इंजिनापेक्षाही लहान. पण वजनच नाही, त्यामुळे तेवढं इंजिन पुरतं. नवराबायकोने शनिवार-रविवार धरून तीन महिन्यांत ती गॅरेजात जुळवली. नट आवळायला ही, वाचून सांगायला तो.

आम्ही विचारलं, "रोज वापरायला कशी आहे ते सांग. कौतुक नको."

मग तिने खरं सांगितलं. हलकी असल्याने पेट्रोल कमी लागतं, टायर आणि ब्रेक कमी झिजतात. आपल्या हाताने जुळवलेली, त्यामुळे कुठे काय आवाज येतो ते कळतं, लहानसहान दुरुस्ती घरीच होते. एवढं झालं चांगलं.

आता दुसरी बाजू. दार म्हणजे कापडाचा पडदा. छत म्हणजे बटणांनी अडकवायची ताडपत्री. पाऊस आला की गाडी थांबवा, उतरा, ताडपत्री लावा, तोवर भिजा. आणि तिथे पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही. पाय ठेवायची जागा इतकी अरुंद की दवाखान्याचे जाड बूट घालून गेलं तर एका पायाने दोन पॅडल दाबली जातात. म्हणून ती पातळ बूट घालून चालवते आणि कामावर गेल्यावर बदलते. सायलेन्सर बाजूनेच बाहेर आलाय. उतरताना तिच्या पोटरीला दोनदा चटका बसला. हे ऐकून आमच्या निम्म्या बायकांनी आपापली पोटरी चाचपली, कारण मोटारसायकलच्या सायलेन्सरचा डाग कोणाच्या पायावर नाही?

कुलूप लावायची सोय जवळजवळ नाही, त्यामुळे आत पिशवी ठेवून जाता येत नाही. आठवड्याचा बाजार आणायचा तर दुसऱ्या सीटवर. हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात. ते मीठ लोखंडाला खातं, म्हणून थंडीतही खालून धुवावी लागते. एअरबॅग नाही. एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय नाही. गाडी इतकी बुटकी की ट्रकवाल्याला शेजारी कोणी आहे हे दिसतच नाही. आणि हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर हलकीलाच जास्त हिसका बसतो. म्हणून धुकं असेल, बर्फ असेल त्या दिवशी ती बसने जाते.

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मग पोरी, चालवतेस कशाला?"

ती म्हणाली, "आई, आवडते म्हणून. रात्रपाळी संपल्यावर सकाळी वारा लागला की सगळा शीण जातो. पण आता आम्ही एक साधी चार दारांची जुनी गाडी बघतोय. दोन सीटच्या गाडीत बाळ कुठे बसवू?" बाळाची बातमी काकूंना ठाऊक होती, आम्हाला नव्हती. पाच मिनिटं नुसता गलका. गाडी बाजूलाच राहिली.

गलका थांबल्यावर एकीने नेमका प्रश्न विचारला. "अशी घरी जुळवलेली गाडी तिकडचे पोलीस धरत नाहीत का?"

तिने सांगितलं ते महत्त्वाचं आहे. गाडी घरी जुळवली तरी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. आधी सरकारी तपासणी केंद्रावर न्यावी लागते. तिथे त्या एका गाडीची वेगळी तपासणी होते. ब्रेक, दिवे, आरसे, स्टिअरिंग, सीटचे पट्टे, धूर, आवाज, सगळं. पत्र्याची नाहीतर नटाची धार कोणाला लागेल अशी बाहेर राहिली तरी नापास. यांची गाडी पहिल्या वेळी अशाच एका उघड्या नटामुळे नापास झाली होती. त्यावर टोपी बसवून परत नेली, तेव्हा पास. मग नंबर मिळाला, विमा झाला. तीन वर्षांनंतर दरवर्षी पुन्हा तपासणी.

फोन ठेवला आणि बैठकीत शांतता झाली. तेव्हा आमच्या एक मावशी बोलल्या. त्या बैठकीत कधी बोलत नाहीत, सही करतात आणि जातात. त्या म्हणाल्या, "माझा हात बघा."

दोन वर्षांपूर्वी त्या खुरपणीहून परत येत होत्या. अशाच जोडून बनवलेल्या गाडीत बारा बायका. उतारावर ब्रेक लागला नाही, गाडी चारीत पलटी झाली. मावशींच्या हाताची दोन हाडं मोडली, आत पट्टी टाकावी लागली. दोन शेळ्या विकल्या, गटातून कर्ज घेतलं. नुकसानभरपाईचं विचारायला गेल्या तेव्हा कळलं, गाडीला नंबर नाही, विमा नाही. मालकाकडे द्यायला काही नाही. मावशी म्हणाल्या, "त्या पोरीची गाडी पण घरचीच आणि ती पण घरचीच. पण तिची कोणीतरी तपासली. आमची कोणी तपासली?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही आपल्याकडचा कायदा विचारून घेतला. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. नोंदणी आणि निदान थर्ड पार्टी विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. नवीन गाडी बनवणाऱ्याला तिचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक संस्था. वेल्डिंगच्या दुकानात बांधलेली गाडी तिथपर्यंत जातच नाही, मग पासिंग कुठून होणार? जुगाड गाडी ही सुद्धा मोटार वाहनच आहे, तिलाही नोंदणी आणि विमा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं आहे. आणि देवराष्ट्र्याच्या लोहारांचं? ती गाडी नियमात बसत नाही हे महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं होतं, आणि तिच्या बदल्यात त्यांना कंपनीची बोलेरो दिली. हुशारीचा मान वेगळा, रस्त्याचा नियम वेगळा.

शेवटी आम्ही चाळीस हजारांची गाडी घेतली नाही. गटातून आणखी कर्ज उचललं आणि एक जुना तीनचाकी मालवाहू टेम्पो घेतला. महाग पडला, सहा महिने हात आखडता घ्यावा लागला. पण आरसी बुक गटाच्या अध्यक्ष ताईंच्या नावावर आहे, विमा चालू आहे. आमच्यातल्याच एकीच्या सुनेने परवाना काढला. पहिल्या दिवशी टेम्पोला हळदकुंकू लावायचा मान मावशींना दिला.

तुमच्या गावातही कोणी स्वस्त गाडी दाखवेल. तेव्हा एवढं विचारा. नंबर आहे का, आणि आरसी बुकातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? विम्याची तारीख संपलेली नाही ना? फिटनेस आणि पीयूसी आहे का? चालवणाऱ्याकडे परवाना आहे का? आणि आणखी एक. मालाच्या गाडीत मालासोबतचं माणूस सोडून इतर बायका-पोरं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. खुरपणीला जाताना मुकादमाने गाडी आणली, की चढण्याआधी हे विचारायचं. एकटीने विचारलं तर तो हसेल. बाराजणींनी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

काकूंची लेक अजून ती बुटकी गाडी चालवते, पण ऊन असेल त्या रविवारी. रोजच्यासाठी त्यांनी चार दारांची घेतली. नातवाचा फोटो काकू दर बैठकीला दाखवतात, आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहतो.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या गावातल्या बायका कोणकोणत्या गाडीतून कामाला जातात, आणि त्यातल्या किती गाड्यांना नंबर आणि विमा आहे, एवढं एका वहीत लिहून काढा. यादी झाली की आम्हाला कळवा.