झाबुआचं काळं पिल्लू

(राम घाट, उज्जैन येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



शिप्रेची आरती आत्ताच झाली आहे आणि मी कोंबडीवर बोलणार आहे. काहींना हे खटकलं असेल, ते मी समजू शकतो. पण विषय मी मुद्दाम उज्जैनसाठीच निवडला. इथून पश्चिमेला, रतलामच्या पलीकडे झाबुआ. तिथले भिल्ल आणि भिलाले पिढ्यान्‌पिढ्या कडकनाथ पाळत आले. तुरा काळा, जीभ काळी, मांस काळं, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. म्हणूनच तिथे त्याला ‘कालामासी’ म्हणतात. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. हा पक्षी आतून काळा का होतो, हा आजचा माझा प्रश्न. त्याचं उत्तर अंड्याच्या आत आहे.

अंड्याच्या आत पाहण्याचं काम आपल्या एका मराठी बाईंनी मोठ्या निष्ठेनं केलं. डॉ. लीला मुल्हेरकर 1950च्या दशकात एडिंबरोला गेल्या आणि कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर संशोधन केलं. गर्भात सुरुवातीला एक रेघ उमटते, तिला आद्यरेषा म्हणतात. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या भागांत शेजारच्या पेशींची वाट ठरवण्याची ताकद किती, या प्रश्नावरचा त्यांचा निबंध 1958 साली प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हेच शास्त्र शिकवलं. आघारकर संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. सुरेंद्र घासकडबी त्यांच्याच परंपरेतले.

हे काम कसं करतात, ते थोडं सविस्तर सांगतो. फलित अंडं साडेसदतीस-अडतीस अंशांवर अठरा-वीस तास उबवायचं. मग बलक द्रवात सोडून त्यावरचं पातळ आवरण गर्भासकट कापून घ्यायचं आणि काचेच्या एका कड्यावर, ढोलकीवर चामडं ताणावं तसं ताणायचं. डेनिस न्यू यांनी 1955 साली ही पद्धत दिली. खालून थोडा पांढरा बलक घालून पुन्हा ऊब दिली, की गर्भ काचेवरच वाढतो. आदल्या दिवशी जी नुसती रेघ होती, तिथे दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके पडताना दिसतात. मला विज्ञानात याहून थोर दर्शन माहीत नाही.

जीवाच्या किमतीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. एवढ्या कोवळ्या गर्भात वेदना जाणवेल अशी मज्जासंस्था तयार झालेली नसते. तरीही तो जीव वाढणार होता, हे हातात कात्री घेणाऱ्यानं विसरू नये.

अंड्याचा मोठा गुण म्हणजे ते परवडतं. बेडकाची अंडी ऋतूवर अवलंबून, उंदरांची खोली सांभाळणं महाग. फलित अंडी हॅचरीतून बारा महिने मिळतात. वंशभेदाच्या कायद्यांमुळे इटलीतल्या ज्यूंना महायुद्धाआधीच विद्यापीठांतून काढलं होतं; तरी दुसऱ्या महायुद्धात रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांनी तुरीनमधल्या आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतरही त्यांनी गर्भातल्या मज्जातंतूंचाच पिच्छा पुरवला आणि मज्जातंतूंना वाढवणाऱ्या घटकाच्या शोधासाठी 1986 साली नोबेल मिळवलं.

भातानं पोट भरणाऱ्या आपल्या देशानं कोंबडीनं शिकवलेली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान बेरीबेरीचे जंतू शोधत होते. 1889 साली त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडू लागल्या, पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं, की त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि रोग गेला. तांदूळ कांडताना कोंड्याबरोबर काहीतरी मोलाचं निघून जातं, हे त्या कोंबड्यांमुळे कळलं. तेच आजचं बी-1 जीवनसत्त्व. आइकमानना 1929 साली नोबेल मिळालं.

लशींचं तर विचारूच नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2010 साली नाकातून द्यायची स्वाइन फ्लूची लस आणली, तिचा विषाणूही अंड्यांतच वाढवला होता.

आता झाबुआकडे वळू. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडे, मज्जानलिकेच्या काठावर जन्मतात आणि तिथून प्रवासाला निघतात. त्या कुठे जातात, हे फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी दाखवलं. जपानी लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं. लाव्याच्या गर्भाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवून, 1969 पासून त्यांनी एकेका पेशीचा माग काढला. साध्या कोंबडीत रंगपेशी कातडीखालच्या वाटेनं जातात आणि कातडी-पिसांत मुक्काम करतात. कडकनाथसारख्या पक्ष्यात त्या पोटाकडच्या वाटेनंही उतरतात आणि जातील तिथे भराभर वाढतात. कारण विसाव्या गुणसूत्राचा काही भाग दुप्पट झाला आहे आणि त्यात ईडीएन-3 नावाचं, या पेशींना वाढायला लावणारं जनुक आहे. चीनची रेशमी कोंबडी, इंडोनेशियाची चेमानी, झाबुआचा कडकनाथ, सगळ्यांत हीच उलथापालथ सापडते. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी कडकनाथचा जनुकसंच वाचून या गुंतागुंतीच्या जागेचा अभ्यास केला आहे.

पण जनुक वाचणं निराळं आणि पेशी चालताना पाहणं निराळं. बाजारात कडकनाथचं मांस अनेक रोगांवर औषध म्हणून विकलं जातं. त्यातल्या बहुतेक दाव्यांना माणसांवरच्या नीट चाचण्यांचा आधार नाही, आणि त्या दाव्यांच्या गलबल्यात या पक्ष्याचं खरं नवल हरवतं. ते नवल डोळ्यांनी पाहणं अवघड नाही: झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथचं पैदास केंद्र आहे. उज्जैनच्या कुठल्याही महाविद्यालयाला उबवणी यंत्र, बारीक कात्री, सूक्ष्मदर्शक आणि पारदर्शक चिकटपट्टी जमवता येईल. कवचाला छोटी खिडकी पाडायची, पट्टीनं बंद करायची, आणि काळे ठिपके केव्हा कुठे दिसू लागतात ते रोज टिपायचं. शेजारी साध्या गावठी कोंबडीचं अंडं ठेवायचं. पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्या, की मला कळवा. मी त्या वाचायला उज्जैनला येईन.