द्राक्षांच्या हंगामात नाशिक: चाखणं वेगळं, पिणं वेगळं

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली १४ वर्षं बंगळुरूत आहे. तुमच्यातलेही बरेच जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्लीहून ऐकताय, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल. दर डिसेंबरात मला कुणाचा तरी फोन येतो, "अरे, नाशिकला वाईन टूर करायचीय. कधी जाऊ?" बहुतेकांच्या डोक्यात पावसाळा असतो. हिरवे डोंगर, ढग, धबधबे. पावसाळ्यात नाशिकला जरूर जा, पण तेव्हा वेलीवर द्राक्षं नसतात. नुसती पानं बघून याल.

युरोपात द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. आपल्याकडे त्या दिवसांत परतीचा पाऊस असतो. पिकलेल्या मण्यावर पाऊस पडला की मणी तडकतो आणि घड सडायला लागतो. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी वेलीचं वेळापत्रकच बदललं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. मग पावसाळाभर वेल नुसती वाढू द्यायची. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. फळ येतं ते या दुसऱ्या छाटणीवर. वर्षात छाटण्या दोन, पीक एक. त्यामुळे नाशिकला वाईनच्या द्राक्षांची काढणी होते ती जानेवारी ते मार्च. दिवसा ऊन, रात्री थंडी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्या थंडीमुळेच द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. तर माझं उत्तर ठरलेलं आहे: फेब्रुवारी.

एका फेब्रुवारीत आम्ही पाच जण गेलो. मी, ऑफिसमधलं एक तमिळ जोडपं, पुण्याची एक मैत्रीण आणि इंदूरचा माझा कॉलेजचा मित्र. हा मित्र दारूला शिवत नाही. त्याचे वडील दारूत गेले. घर आईने शिवणकामावर चालवलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्याला विचारावं की नको यावरच दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "येतो. पण मला ड्रायव्हर करू नका."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे अशा सहलीत न पिणाऱ्या माणसाचं काम ठरलेलं असतं: गाडी चालवायची, पाकिटं सांभाळायची, फोटो काढायचे. आम्ही दोन दिवसांसाठी स्थानिक ड्रायव्हरसह गाडी घेतली आणि शनिवारची सकाळ टेस्टिंग रूममध्ये न घालवता बागेत घालवायची असं ठरवलं.

बाग दिंडोरीच्या बाजूला, पुण्याच्या मैत्रिणीच्या ओळखीतली. बागायतदार साठीचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. आम्ही साडेसहाला पोचलो तर तोडणी अर्धी झालेली. ऊन चढायच्या आत द्राक्षं गार असतानाच वाइनरीत पोचवायची असतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका लहान कात्र्या घेऊन ओळीने पुढे सरकत होत्या. कट, क्रेट, कट, क्रेट. बोलणं चालू, हात चालू.

वाईनचं द्राक्ष बघून पहिल्यांदा निराशाच होते. आपल्याला थॉमसनची सवय. लांबट, बिनबियांचं, कुरकुरीत. शिराजचा घड म्हणजे लहान लहान काळे मणी एकमेकांना दाटून चिकटलेले. साल जाड, आत बिया. नाना म्हणाले, "खा, पण चावून खा. बीपण चावा." बी पिकली असेल तर तपकिरी दिसते आणि दाताखाली कुरकुरते, कच्ची असेल तर हिरवट आणि कडू. सालीने जीभ जांभळासारखी तुरट होते. रेड वाईन पिताना हिरड्यांवर जो खरखरीतपणा जाणवतो ना, तो इथून येतो, साल आणि बियांतून. काळ्या द्राक्षाचा गर मात्र जवळजवळ बिनरंगी असतो. म्हणून पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच वेगळा काढतात आणि लालसाठी सालीसकट आंबवतात. मी वाईनवर दोन पुस्तकं वाचली होती, पण हे माझ्या डोक्यात शिरलं ते त्या ओळीत उभं राहून बी चावताना.

नानांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. मण्याचा एक थेंब काचेवर, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, साखर किती ते दिसतं. तिला ब्रिक्स म्हणतात. त्या दिवशी तोडणी चालली होती त्या प्लॉटचा ब्रिक्स २३ होता. शेजारच्या प्लॉटचा साडेएकवीस. करारात भाव ब्रिक्सवर ठरलेला, आणि वाइनरीची माणसं मोजून हो म्हणेपर्यंत कात्री लावायची नाही. थांबलं तर साखर वाढते, पण आंबटपणा उतरतो. त्यातून फेब्रुवारीत कधीही ढग येतात. अशा वेळी रोज सकाळी आभाळाकडे बघायचं, एवढंच हातात.

इंदूरचा मित्र बराच वेळ गप्प होता. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली तसं त्याने विचारलं, "नाना, तुम्ही घेता का?"

"नाही बा. माळकरी आहे मी."

"मग हे पीक कसं घेता?"

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "थॉमसन परदेशी गेला तर पैसा जास्त, पण एक गारपीट झाली की सगळं मातीत. याचा भाव कमी, पण ठरलेला. दोन्ही थोडं थोडं ठेवतो." मग थोडं थांबून, "२००८-०९ला मंदी आली तेव्हा हेही कुणी उचलेना. लोकांनी चांगल्या वेली उपटल्या. मीही एकर काढला." मूळ प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मित्रानेही परत विचारलं नाही.

दुपारी वाइनरी. हंगामात तिथे आधी कानांवर पंपांचा आवाज येतो आणि मग नाकात तो वास, पिकलेलं केळं आणि आंबलेल्या पिठाच्या मधला. प्रेसमधून नुकताच निघालेला शेनाँ ब्लाँचा रस त्यांनी आम्हाला दिला. गोड, गढूळ, अजिबात न आंबलेला. त्यात अल्कोहोल नसतं. इंदूरचा मित्र दोन ग्लास प्यायला. नाक लावून त्याने सांगितलेले वास, पेरू आणि ओलं गवत, आमच्यापैकी कुणालाच आधी सापडले नव्हते. हा रस फक्त हंगामातच मिळतो, आणि तोही विचारला तर.

आता हिशोबाचं बोलतो, कारण तो टेस्टिंग रूममध्ये कुणी सांगत नाही. एका वाईनचा घोट साधारण ३० मिली. सहा वाईन म्हणजे १८० मिली. साडेबारा टक्के धरले तर साडेबावीस मिली शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये पंचवीसच्या आसपास असतं. म्हणजे "नुसतं चाखलं" म्हणता म्हणता एक मोठा पेग झाला. दिवसात दोन वाइनरी केल्या की जवळजवळ अर्धी बाटली. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम.

म्हणून टेबलावर जे थुंकायचं भांडं असतं, स्पिटून, ते मागून घ्या. घोट तोंडात घोळवा, नाकातून श्वास सोडा, थुंका. आपल्याला लाज वाटते. पैसे देऊन घेतलेलं थुंकायचं? पण जगभर चाखण्याचा धंदा करणारे लोक हेच करतात. आमच्या तमिळ मित्राची बायको पहिल्यांदा लाजली, मग तिला इतकं जमलं की शेवटी सहाही वाईन बरोबर ओळखल्या त्या तिनेच.

संध्याकाळी होमस्टेच्या गच्चीवर वाद झालाच. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला होता. पुण्याची मैत्रीण त्या बाजूची. वाईन म्हणजे दारू नाही, शेतमाल आहे, नानांसारख्यांचं भलं होईल, असं तिचं म्हणणं. इंदूरचा मित्र शांतपणे म्हणाला, "ऊसही शेतमालच आहे. माझे वडील उसाच्या मळीपासून केलेलीच प्यायचे." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर शेतकऱ्याचं भलं व्हावं, पण "वाईन म्हणजे दारू नाही" हे वाक्य खोटं आहे. साडेबारा टक्के म्हणजे साडेबारा टक्केच. ते मान्य केलं की मगच मोजून चाखता येतं, आणि न पिणारा माणूसही त्या टेबलावर मोकळेपणी बसू शकतो. मैत्रिणीला हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

रविवारी सकाळी परत बागेत जायचं होतं. नानांचा फोन आला, येऊ नका. पश्चिमेला ढग दिसत होते, दुसरा प्लॉट साडेबावीसवर होता, आणि वाइनरी अजून एक दिवस थांबा म्हणत होती. मित्र म्हणाला, "नाना, आम्ही तोडायला येतो." नाना म्हणाले, "तुम्हाला कात्री जमायची नाही, घड खराब कराल. पाऊस येऊ नये एवढं म्हणा."

आम्ही नाशिक रोडवरून आपापल्या गाड्या पकडल्या. मंगळवारी रात्री इंदूरहून मित्राचा मेसेज आला. त्याने नानांना फोन केला होता. पाऊस त्र्यंबकच्या डोंगरावरच राहिला, प्लॉट सोमवारी पहाटे तोडला, ब्रिक्स २२.८.