चाबुकस्वाराचा हात

घोडा शिकवणाऱ्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: चाबुकस्वार. शब्दात चाबूक आधी, स्वार मागून. आपण फसतो ते तिथंच. चाबूक बघतो, हात बघत नाही.

आपल्या हसनाबादेत घोड्यावर बोलायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मांडीखालचा घोडा गोळी लागून कोसळला; मग तो डायोमेड नावाच्या दुसऱ्या घोड्यावर चढला, तर त्या घोड्याच्याही छातीत भाला घुसला. अशा धुराळ्यात जनावर माणसाला घेऊन पुढं जातं, ते चाबकाच्या भीतीनं नव्हे. मागच्या चाबकापेक्षा पुढची तोफ केव्हाही मोठी.

आता लढाया गेल्या, टांगेही गेले. उरली वरातीची घोडी आणि हौस. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून, नाहीतर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आपली पोरं शिंगरू आणतात. घेताना शुभ-अशुभ म्हणून देवमण बघतात, भोवरे मोजतात, पंचकल्याण आहे का विचारतात. त्याला शिकवणार कोण, हे मात्र घरी आल्यावर ठरतं. आणि जो लवकर करून देतो म्हणेल, त्याच्या दावणीला शिंगरू जातं.

या 'लवकर'पाशी जरा थांबा. घोड्याचे पुढचे पहिले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, तोंड पुरतं भरायला पाच वर्षं लागतात. पाठीचा कणा पक्का व्हायला त्याहून थोडा जास्तच वेळ. दोन वर्षांच्या शिंगरावर स्वार बसवून दाखवतो म्हणणाऱ्याला रामराम करावा आणि शिंगरू घेऊन घरी यावं.

मी तसा घरी आलो नव्हतो. एका नावाजलेल्या माणसाकडं घोडी दिली, पंधरा दिवसांत नाचती होऊन परत आली. ढोल वाजला की पाय उचलायची. गल्ली खूश. पण लगाम चढवायला कानाशी हात नेला की मागच्या पायांवर उभी! ओठाच्या कोपऱ्यात जखमा होत्या, काटेरी लगामाच्या. त्या लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनीच बंदी आहे, हे मला मागाहून कळलं. पण ओठ उलटून बघायला मला कायदा कशाला हवा होता?

झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. पोरगं कारागिराच्या हाताखाली ठेवताना बाप जशी बोली करतो, तशी शिंगरू सोपवतानाही करावी, ते काय शिकून परत येणार हे लिहून घ्यावं, असं तो सांगतो. ट्रॅक्टरच्या कर्जाचा कागद आपण तीनतीनदा वाचतो, हाही कागद करा. त्यात लिहा: चारही पाय उचलू देईल, नालबंदापुढं उभं राहील, कानाला हात लावू देईल, फटाक्याला बुजणार नाही. नाच सगळ्यात शेवटी लिहा, लिहायचाच असेल तर.

आणि न कळवता शिकवणाऱ्याच्या तबेल्यात जा. तो आत शिरला की घोडे कान मागं पाडून भिंतीला लागतात, की मान पुढं करतात? एवढं बघायला अर्धा तास पुरे. त्याच्या भिंतीवरचे फोटो बघू नका.

माझी घोडी पुढं एका म्हाताऱ्या टांगेवाल्यांकडं गेली. आठ दिवस त्यांनी खोगीर बाहेरच काढलं नाही. सकाळ-संध्याकाळ खरारा, आणि खरारा करता करता हात रोज बोटभर कानाकडं. मी वैतागून म्हटलं, "काका, काम कधी सुरू करणार?"

"दादा," ते म्हणाले, "घोडीनं अजून मला कामावर घेतलं नाही."