तळ्याकाठचं हळदीकुंकू

सध्या घरोघरी चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालू आहेत. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. पण आपल्या तळ्यातही एक पाखरू वर्षभर हळदीकुंकू लावून पोहत असतं, ते पाहिलंय का? त्याचं नावच हळदी-कुंकू बदक. काळी चोच, चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका आणि कपाळाजवळ दोन्ही बाजूंना कुंकवासारखे लाल ठिपके.

हे बदक पाहायला लांब जायला नको. आपल्या खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे, इंग्रजांच्या काळातला. येरळेवर येरळवाडीचं धरण आहे. हीच येरळा पुढे सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. मायणी-येरळवाडीचा हा परिसर शासनानं २०२१ मध्ये पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला.

हिवाळ्यात इथं लांबचे पाहुणे येतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकादंब हंस येतो. उन्हं तापायला लागली की तो हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं अंडी घालायला निघतो. रोहित, म्हणजे ज्याला आपण अग्निपंख म्हणतो, तो उथळ पाण्यात मान उलटी करून चिखलातले बारीक जीव गाळून खातो, आपण पीठ चाळतो तसं. पाणी खोल असलं तरी त्याला चालत नाही आणि तळं आटलं तरी नाही. म्हणून तो दरवर्षी सारखा दिसत नाही.

पाहुणे गेले तरी तळं रिकामं होत नाही. आता घरच्या पाखरांचं बाळंतपण सुरू होतं, आणि आज मला खरं सांगायचंय ते हेच.

पाणी मागं सरतं, काठ उघडा पडतो. तिथंच खड्यांमध्ये टिटवी अंडी घालते. बहुतेक चार. अंडी हुबेहूब खड्यांसारखी, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. लाल लांब पायांचा शेकाट्याही काठालाच घरटं करतो. टिटवी जवळपास महिनाभर अंड्यांवर बसते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. आपण तिथं धुणं घेऊन बसलो, शेरडं थांबवली किंवा पोरं जमली, की ती उडते आणि डोक्यावर ओरडत राहते. तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात. अंड्यांना कुणी हातही लावलेला नसतो, तरी पिल्लं जातात.

टिटवी ओरडली की अशुभ, असं आपण लहानपणापासून ऐकलं. मीसुद्धा तिला खडे मारलेत. ती बिचारी एवढंच सांगत असते, की बाई, इथं माझी अंडी आहेत, जरा बाजूनं जा.

आता किड्यांकडं बघू. पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चतुर आणि त्याची बारीक बहीण टाचणी, दोन्ही पाण्यात अंडी घालतात. त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात आणि मोठा झालेला चतुर उडते डास धरतो. ओल्या चिखलावर पिवळी फुलपाखरं थव्यानं बसलेली दिसतील. ती चिखलातला खार शोषून घेत असतात. फवारणीचा पंप तळ्यात धुतला, औषधाची रिकामी बाटली काठाला टाकली, तर आधी हे जीव मरतात. मग डास आपल्या घरात आणि टिटवीची पिल्लं उपाशी, कारण तीही किडेच खातात.

मग आपण काय करायचं? धुण्याची जागा सगळ्याजणींनी मिळून एकच ठरवायची. टिटवी ओरडली की वाट बदलायची, कुत्र्याला आवरायचं. घरट्याजवळ खूण म्हणून काठी रोवायची नाही, त्यानं कावळ्यांना पत्ता लागतो. उन्हाळ्यात गावच्या पाझर तलावातला गाळ काढतात. गाळ निघायलाच हवा, पण जेसीबी उतरण्याआधी दोघींनी काठानं एक फेरी मारायची आणि अंडी असतील तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडायला सांगायचं.

आणखी एक. संवर्धन राखीव क्षेत्र सांभाळण्याच्या समितीत, ते ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा असं कायदा सांगतो. आपल्या गावातून कोण जातं, हे ग्रामसभेत विचारा. एखाद्या बाईला पाठवा म्हणावं. काठावर रोज जाणं तर आपलंच आहे.

बचत गटाच्या वहीत मागचं एक पान यासाठी ठेवा. तारीख, कोणतं पाखरू, किती, पाणी कुठवर. नाव येत नसेल तर रंग लिहा, चोच लिहा. पुढच्या चैत्रात ती पानं शेजारी ठेवून बघू.