इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ
(कंधार तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मराठी शाळांत सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आले. क्रियापदांच्या काळांची धास्ती मात्र गेलेली नाही. कंधारच्या किल्ल्याजवळ खेळून आलेले मूल ‘मी खेळलो, ती खेळली, ते खेळले’ असे बिनचूक बोलते. लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे क्रियापद बदलण्याचे हे अवघड काम त्यास कोणी शिकविलेले नसते. इंग्रजीत या सर्वांस ‘प्लेड’ हे एकच रूप पुरते. प्रथम हा दिलासा द्यावा, कोष्टके मागाहून.

मग अडते कोठे? उच्चारात. नियमित क्रियापदाच्या भूतकाळी शेवटी ‘ई-डी’ ही अक्षरे दिसतात, म्हणून मुले ‘वॉकेड’ म्हणतात; क्वचित गुरुजीही! येथे आपली वर्णमाला कामास येते. मूळ क्रियापदाच्या अंती अघोष ध्वनी असल्यास ‘ट’: वॉक्ट, वॉश्ट. घोष व्यंजन वा स्वर असल्यास ‘ड’: ओपन्ड, प्लेड. अंती ट किंवा ड हेच ध्वनी असतील तेव्हाच ‘इड’: वॉन्टिड, नीडिड. फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही रूपे तोंडी म्हणवून घ्यावीत.

‘डिड’ आले की हा प्रत्यय गळतो. ‘डिड यू प्लेड’ असे विचारणाऱ्या मुलावर रागावू नये. त्याने काळ ओळखला आहे. तो दोनदा सांगितला, इतकेच.