जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारा

जिवाणूंमुळे अन्नातून होणाऱ्या विषबाधेवर परिषद भरवायला पंढरपूर योग्य आहे. आषाढीला इथे लाखो वारकरी येतात आणि वाटेवरच्या मुक्कामांत पंगतींमागून पंगती उठतात. एकेकाळी यात्रेबरोबर पटकी यायची. तिच्या धास्तीने यात्रेतल्या पाण्याकडे आणि स्वच्छतेकडे शासनाचे लक्ष वळले. दूषित पाण्याचा माग काढायला आपण तेव्हापासून शिकलो. पंगतीचा माग काढणे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ साली सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या उद्रेकांच्या नोंदींत अन्नातून विषबाधा वारंवार दिसते. पण नोंदीत बहुतेकदा काय असते? बाधित किती, दाखल किती, नमुने कुठे पाठवले. एकूण जेवले किती आणि जे ठणठणीत राहिले त्यांनी काय खाल्ले, हे क्वचितच असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही दुसरी माहिती मिळाल्याशिवाय पहिलीला फारसा अर्थ येत नाही. साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ऑस्वेगोचे उदाहरण पाठ असते, तरी ते इथे सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चचे सामुदायिक जेवण झाले. ऐंशीपैकी ७५ जणांची चौकशी झाली, त्यांत ४६ आजारी निघाले. त्या ४६ पैकी २९ जणांनी डुकराचे भाजलेले मांस खाल्ले होते. नुसत्या आजाऱ्यांना विचारले असते तर संशय मांसावरही गेला असता. पण मांस खाल्लेल्यांत शेकडा ६३ आजारी होते आणि न खाल्लेल्यांत ५९. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांपैकी ४३ आजारी पडले, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त तीन. उत्तर मिळाले ते बऱ्या राहिलेल्यांकडून.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप रास्त आहे. पंगतीत सगळ्यांच्या पानात सारखेच वाढतात. मग खाल्लेले आणि न खाल्लेले वेगळे कसे काढायचे? पदार्थ सारखे असले तरी वेळ सारखी नसते. पहिली पंगत बारा वाजता बसते, शेवटची चार वाजता. तोवर भात आणि आमटी मोठ्या पातेल्यांत कोमट होत राहते. साठ अंशांखाली आलेल्या अन्नात, शिजवूनही टिकून राहिलेले बॅसिलस सिरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू रुजतात आणि जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून कोणत्या पंगतीला बसलात, दुसऱ्यांदा काय मागून घेतलेत, उपास कोणाचा होता, हे प्रश्न आपल्यासाठी जास्त मोलाचे आहेत. जोडीला लक्षणांची वेळ हवी. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर आधी स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सिरियसचे तयार विष आठवावे. रात्री पोटात कळा व जुलाब, पण ताप नाही, तर परफ्रिंजेन्स. दुसऱ्या दिवशी ताप चढला तर साल्मोनेला. यात खर्च आहे तो वहीचा आणि दोन तासांच्या पायपिटीचा.

प्रयोगशाळा सांगेलच, मग ही खटपट कशाला, असेही म्हटले जाते. प्रयोगशाळेबद्दल मला नितांत आदर आहे. पण पथक पोचेपर्यंत उरलेले अन्न उकिरड्यावर गेलेले असते, पातेली घासलेली असतात, रुग्णांना प्रतिजैविके सुरू झालेली असतात. स्टॅफिलोकोकसचे जिवाणू उकळल्यावर मरतात आणि त्यांचे विष शाबूत राहते. मग जिवाणूंची वाढ करून पाहणारी तपासणी निर्दोष येते आणि माणसे तर आजारी असतात. हे विष चवीला, वासालाही कळत नाही. शाळेत पोषण आहार वाढण्याआधी शिक्षकांनी तो चाखण्याचा नियम चांगला आहे, पण या विषापुढे तो पुरा पडत नाही.

सर्वांत जड आक्षेप माणुसकीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सोमठाण्याच्या सप्ताहात प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले, आणि दोरीला बाटल्या टांगून रस्त्यावरच सलाइन लावावे लागले. अशा रात्री डॉक्टरांनी माणसे सांभाळायची की तक्ते भरायचे? माणसेच सांभाळायची, यात दुमत नाही. पण बरे राहिलेले लोक रुग्णालयात नसतात, घरी असतात. सकाळी त्यांच्या दारी आशाताई, आरोग्यसेवक, शिक्षक जाऊ शकतात.

लोकांना आठवत नाही, ही तक्रारही खरी. जर्मनीत २०११ मध्ये ई. कोलायच्या साथीत जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथले शेतकरी विनाकारण भरडले गेले. रॉबर्ट कॉख संस्थेच्या पथकाने मग एकाच उपाहारगृहात जेवलेले आजारी आणि निरोगी असे दोन्ही गाठले, आणि कोणत्या पदार्थात काय घातले होते हे स्वयंपाक्यांना विचारले. सजावटीपुरते पेरलेले मोड गिऱ्हाइकांच्या ध्यानातही नव्हते. माग शेवटी इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. आपल्याकडे आचाऱ्याच्या दारी आधी पोलीस जातात आणि तो गप्प होतो. भात किती वाजता उतरवला, बासुंदीचे दूध कुठून आले, वाढप्यांपैकी कोणाच्या बोटाला जखम होती, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार? त्याला आरोपी करण्याची घाई झाली की साक्षीदार हातचा जातो, आणि संशय मिटवायला पुरावाच उरत नाही.

दुपारच्या सत्रात एक पानी प्रश्नावली आपल्यापुढे चर्चेला येईल. पंगतीची वेळ, खाल्लेले पदार्थ, लक्षणांची वेळ, आणि बाधितांइतक्याच बऱ्या राहिलेल्यांच्या नोंदी, एवढेच तिच्यात आहे. कार्तिकी यात्रेत ती वापरून पाहता यावी, म्हणून आपण तिच्यात हव्या त्या दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.