नोंदवहीतील नाव

(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजते. मी वक्ता नव्हे. तीस वर्षे परिचारिकेचे काम केले, त्यामुळे बोलण्यापेक्षा रात्र जागण्याचीच सवय अधिक. परंतु परिचारिका व प्रसाविका यांच्यासंबंधी जो नवा कायदा झाला आहे, त्याचा आपल्या रामपायलीतील घरांशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून उभी राहिले आहे.

माझी आजी दाई होती. चंदन नदी दुथडी भरलेली असो की मध्यरात्र असो, बोलावणे आले की ती निघे. तिला अक्षरओळख नव्हती. पण एक नियम होता. मूल आडवे आहे असे हाताला लागले की ती तत्काळ म्हणे, "हे माझ्या हातचं नव्हे. गाडी जुंपा, वारासिवनीला न्या." आपली मर्यादा ओळखणे हेच तिचे शास्त्र. पण हा विवेक प्रत्येकीच्या ठिकाणी असेलच, याची हमी कोणी द्यावी? बाळंतिणीचा जीव एखादीच्या चांगुलपणावर सोपवून चालत नाही. शिक्षण, परीक्षा व नोंदणी यांची गरज उत्पन्न होते ती येथेच.

आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला. सर्व प्रांतांत शिक्षण एकसारखे असावे, हा त्याचा हेतू. पुढे मध्यप्रदेशाने १९७२ साली उपचारिका, प्रसाविका इत्यादींच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केलेला आहे. त्यात २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग सांगितला आहे. शिक्षण, संस्थांची तपासणी, आणि व्यवसायनीती व नोंदणी या तीन कामांसाठी तीन स्वतंत्र मंडळे, तसेच प्रत्येक राज्यात राज्य आयोग, अशी योजना आहे. राष्ट्रीय आयोगात धर्मादाय संस्थांच्या एका प्रतिनिधीलाही जागा ठेवली आहे, ही आपल्यासारख्यांना विशेष समाधानाची गोष्ट होय.

या कायद्याचे मर्म नोंदवहीत आहे. जिचे नाव राष्ट्रीय वा राज्य नोंदवहीत नाही, तिने प्रशिक्षित परिचारिका म्हणून व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कोणी म्हणतील, सेवेच्या कामात शिक्षेची भाषा कशाला? त्याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे.

मध्यप्रदेशातील शेकडो नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली. कित्येक संस्था निकषांत उतरल्या नाहीत. इतकेच नव्हे, तर २०२४ साली तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाचेच्या आरोपावरून अटक झाली. दरम्यान हजारो मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या.

यात माझाही थोडा दोष आहे, तो आज कबूल करते. एका गृहस्थांनी मला विचारले होते, "ताई, पोरीला नर्सिंगला घालतो आहे, कॉलेज बरं आहे ना?" मी माहितीपत्रकावरील इमारतीचे चित्र पाहून म्हणाले, "घाला." त्यांनी धानाची बांधी गहाण ठेवून फी भरली. मुलगी दोन वर्षे शिकली. पण रोग्याच्या खाटेजवळ क्वचितच उभी राहिली. पुढे परीक्षाच अडली. वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तो लावला असता तर बरे झाले असते. मर्यादा ओळखणाऱ्या आजीची नात मी. न तपासता सल्ला दिला.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. फी भरण्यापूर्वी त्या वर्षाची मान्यता लेखी पाहा. मुली कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकतात ते जाऊन पाहा. सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा व पदवीचा चार वर्षांचा असतो. सहा महिन्यांत "नर्स" करून देणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. आणि परीक्षा झाल्यावर नोंदणी होईपर्यंत शिक्षण पुरे झाले असे समजू नका.

विश्वस्तांनाही एक सूचना करते. परिचर्येसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज येईल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर संस्थेच्या मान्यतेची प्रतही मागावी. ती पडताळण्याचे काम मी विनामूल्य करीन. त्या मुलीचे मी एवढे तरी देणे लागते.

कायदा मंजूर होणे निराळे आणि त्याची घडी बसणे निराळे. आयोग कितीही चांगला नेमला, तरी आपल्या गावातून फी घेऊन निघणाऱ्या बापाजवळ तो उभा नसतो. तेथे आपण उभे राहिले पाहिजे. आजीचे नाव कोणत्याही वहीत नव्हते. आपल्या नातींचे ते असावे, आणि तिचा विवेकही त्यांच्या अंगी असावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.